गार हीटसिंकची काळजी

दुकानात कॉम्प्युटर घेऊन येणारा माणूस निम्म्या वेळा तापाचीच तक्रार सांगतो. "लई तापायलंय बघा." एवढं सांगून तो थांबत नाही. कॅबिनेटचं दार काढतो, चालू मशीनमध्ये पंख्याच्या कडेनं बोट घालून हीटसिंकला, म्हणजे मुख्य चिपवर बसवलेल्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्याला, टेकवतो आणि झटकन मागं घेतो. चटका बसला म्हणजे साक्षीदार हजर केला, असा त्याचा चेहरा होतो. माणूस खानापूरचा असो, निपाणीचा असो, की गोकाकहून आलेला आणि तेच कानडीत, "भाळ बिसी आगेत्री" असं म्हणणारा. बोट घालायची रीत सगळ्यांची एकच.

मी विचारतो, "चटका बसला ना?"

"होय की."

"मग निम्मी काळजी मिटली."

हे ऐकून माणूस माझ्याकडं संशयानं बघतो. मेकॅनिक टोलवाटोलवी करायला लागला, असं त्याला वाटतं. खरं सांगायचं तर बेळगावच्या शहापुरात दुकान टाकून बसल्यापासून मला धास्ती वाटत आलीय ती गार हीटसिंकची. मशीन जोरात काम करतंय, स्क्रीनवर व्हिडिओ तयार होतोय, पंखा बोंबलतोय, आणि हीटसिंकला हात लावावा तर तो नुसता कोमट. असं दिसलं की मी पहिल्यांदा मशीन बंद करतो आणि मग स्क्रू ड्रायव्हर शोधतो.

यामागचं कारण अगदी साधं आहे. प्रोसेसर, म्हणजे ती मुख्य चिप, जेवढी वीज खातो तेवढी सगळी शेवटी उष्णताच होते. गणितं केली, चित्रं दाखवली, लग्नपत्रिका जुळवली, तरी त्यातला एकही वॅट कुठं साठून राहत नाही. ६५ वॅटचा प्रोसेसर म्हणजे ६५ वॅटची उष्णता, आणि ती निर्माण होते अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात. दीड चौरस सेंटिमीटर धरा. एका चौरस सेंटिमीटरला चाळीसहून जास्त वॅट झाले. एप्रिलमधल्या भर दुपारचं ऊन तेवढ्याच जागेवर फार तर एक दशांश वॅट टाकतं. म्हणजे उन्हाच्या चारशेपट मारा, आणि तोही आतून. एवढ्या लहान तुकड्याला ही उष्णता स्वतःच्या अंगावरून हवेत सोडणं शक्य नाही. म्हणून तिला पसरायला जागा द्यायची. आपण चहा बशीत ओततो तेव्हा हेच करतो. चहा तेवढाच, पण हवेला भेटणारा त्याचा पृष्ठभाग वाढला. हीटसिंकच्या त्या पातळ पातळ पात्यांचं काम एवढंच. सगळी पाती उलगडून शेजारी शेजारी मांडली तर टेबलाचा बराच भाग व्यापतील.

आता उष्णता चिपमधून निघून पात्यांपर्यंत आली, तर पाती गरम लागणारच. तिथं हाताला लागते ती वाटेवरची उष्णता, बाहेर पडायला निघालेली. पाती गार असतील तर दोनच शक्यता उरतात. मशीन काहीच काम करत नसेल, नाहीतर उष्णता निघालीच नसेल आणि चिपमध्ये अडकून बसली असेल.

अडकण्याचा एक नमुना सांगतो. निपाणीच्या एका डीटीपीवाल्याचं मशीन ऐन लग्नसराईत बंद पडायला लागलं होतं. पत्रिकांचा ढीग समोर, आणि पंधरा-वीस मिनिटांत मशीन आपोआप बंद. तिथल्या कुणीतरी हीटसिंकला हात लावून निदान केलं होतं, "गार आहे, तापाचा काही संबंध नाही." मग एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलला, रॅम बदलली, विंडोज पुन्हा टाकलं. पैसे गेले, बंद पडणं चालूच. माझ्याकडं आलं तेव्हा मी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जाऊन तापमानाच्या आकड्याकडं बघत बसलो. साठ, सत्तर, ऐंशी. काहीही काम न करता आकडा चढत होता, आणि हीटसिंकवर माझा तळवा निवांत टेकलेला. टॉर्च मारून बघितलं तर हीटसिंकच्या चार पायांपैकी एक पाय बोर्डाच्या भोकातून सुटून वर आलेला.

प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलनं २००४ मध्ये एलजीए ७७५ हा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची बैठक, आणला, तेव्हापासून त्यांच्या डब्यात मिळणाऱ्या कूलरला, म्हणजे हीटसिंक-पंख्याच्या जोडीला, हे प्लॅस्टिकचे चार दाबखिळे असतात. वरून दाबले की 'कट्' आवाज येऊन बसतात. बसल्यासारखे वाटतात, हे जास्त खरं. दुचाकीच्या मागच्या सीटवर मशीन बांधून खड्ड्यांतून आणलं की एखादा सुटतो. मग हीटसिंक केसभर कलतो आणि चिप व धातू यांच्यामध्ये हवेचा पापुद्रा शिरतो. तेवढा पापुद्रा पुरतो. तांब्यातून उष्णता जितक्या सहज वाहते त्याच्या तुलनेत स्थिर हवेतून ती पंधरा हजारपट कष्टानं जाते. नवीन कूलरच्या बुडाला चिकटवलेली पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म न काढता बसवलेली मशीनंही दुकानात येतात, आणि लक्षण हेच: आत भट्टी, वर हीटसिंक गार.

भट्टीवरून मामा आठवले. माझे मामा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत आयुष्यभर ओतकामावर होते. बेळगावात फाउंड्री म्हणजे घराघरातला विषय. कुणाचा भाऊ मोल्डिंगला, कुणाचा काका फेटलिंगला. निवृत्त झाल्यावर मामा संध्याकाळी दुकानात येऊन बसायचे, पेपर वाचायचे आणि माझ्या कामावर शेरे मारायचे. तेराशे-चौदाशे अंशांचं पातळ लोखंड बघितलेल्या माणसाला माझी साठ-सत्तर अंशांची धावपळ बघून हसू यायचं.

एकदा शेजारच्या दुकानातली टायपिंग करणारी मुलगी तिचं मशीन घेऊन आली. तिनं हीटसिंकला बोट लावलं आणि "आई गं!" करून हात झटकला. मामांनी पेपर बाजूला ठेवला, आधी हाताची मागची बाजू जवळ नेली, मग दोन बोटं सरळ धातूवर ठेवली आणि ठेवूनच म्हणाले, "हे तापलंय म्हणायलीस? ह्यात तर चहापण गार हुईल." मी थर्मामीटरची तार पात्यांत अडकवली. आकडा बावन्नच्या आसपास. धातू एकच, आकडा एकच, आणि साक्षी दोन.

दोघंही खोटं बोलत नव्हते. माणसाच्या कातडीला साधारण ४३ ते ४५ अंशांच्या दरम्यान दुखायला सुरुवात होते. पन्नाशीच्या पुढं धातूवर बोट ठेवणं कठीण जातं. साठ अंशांच्या धातूवर पाचेक सेकंद बोट राहिलं तर भाजू शकतं, म्हणून मेंदू त्याच्या आधीच हात ओढून घेतो. पण हे झालं मऊ हाताचं. भट्टीवर घट्टे पडलेल्या हाताची वरची मेलेली कातडी जाड असते. उष्णता खालच्या जिवंत थरापर्यंत पोचायला तिथं वेळ लागतो. मामांचं बोट आणि त्या मुलीचं बोट ही दोन वेगवेगळी मीटरं होती, आणि दोन्ही कुणी कधी तपासून घेतलेली नव्हती.

त्यात धातूची स्वतःची एक फसवणूक असते. शेजारी शेजारी असलेलं प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम एकाच तापमानाला असलं तरी ॲल्युमिनियम जास्त चटका देतं, कारण ते बोटाला उष्णता भराभर पुरवतं. प्लॅस्टिक हात आखडता घेतं. बोटाला कळतो तो उष्णतेचा ओघ. तापमानाचा अंश त्याला कळत नाही. म्हणून पंख्याची प्लॅस्टिकची चौकट "ठीक" वाटते आणि तिच्याखालचा हीटसिंक "लई तापलाय" वाटतो.

मामांचं एक वाक्य मात्र मी कामात वापरतो. फाउंड्रीत नव्या पोराला भाजतं ते लालभडक लोखंडानं नाही, काळ्या लोखंडानं. पाचशे अंशांच्या खाली उतरलं की ओतीव तुकड्याचा लाल रंग जातो, दिसायला तो गार झालेला असतो, आणि पोरगं तो उचलायला जातं. "लाल असलं की आपण लांब राहतो. काळं दिसलं की फसतो," असं ते म्हणायचे.

मग हीटसिंक किती गरम लागावा? लोकांना एक आकडा हवा असतो आणि मी तो देत नाही, त्यामुळं माझ्याबद्दल थोडी नाराजी आहे. तरी हिशोब सांगतो. कंपनीच्या डब्यात येणारा साधा कूलर धरा. त्याची ताकद अशी असते की दर वॅटमागं हीटसिंकचं बूड आजूबाजूच्या हवेपेक्षा साधारण अर्धा अंश चढतं. ६५ वॅट पूर्ण ओढले की बत्तीसएक अंश झाले. खोलीत २८ असेल तर कॅबिनेटच्या आत ३२-३३. म्हणजे बूड ६५ च्या घरात. पात्यांची टोकं त्याहून बरीच कमी, पन्नासच्या अलीकडं-पलीकडं. आणि चिपच्या आतला आकडा त्याहून वर, कारण मध्ये सांध्याला लावलेली पेस्ट आहे, प्रोसेसरची धातूची टोपी आहे, पुन्हा त्या टोपीखाली आणखी एक थर आहे. तिथं १० ते २० अंश सहज खर्च होतात. म्हणजे आत ७५ ते ८५. एवढं सगळं जागच्या जागी, निरोगी. आणि तरीही त्या पात्यांना बोट लावलं तर माणूस "आई गं" म्हणणारच.

मशीन नुसतं चालू असेल, वर्डची एखादी फाइल उघडी असेल, तर तोच हीटसिंक कोमट लागेल. त्याबद्दल कुणी काळजी करू नये; तिथं उष्णताच कमी आहे. मोठे टॉवर कूलर आले, त्यांचं गणित आणखी वेगळं. त्यांच्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. आतली हवा काढून थोडंसं पाणी भरलेलं असतं. दाब कमी असल्यामुळं ते पाणी शंभर अंशांची वाट न बघता उकळतं, वाफ वरच्या थंड टोकाला जाते, तिथं पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या जाळीतून मुरत मुरत खाली येतं. अशा कूलरची पाती भरपूर, पंखा मोठा. त्यामुळं पूर्ण कामातसुद्धा ती चटका देत नाहीत. तिथं गार पात्यांवरून घाबरायचं नाही. नळीचं बूड गरम आणि टोक पार थंड असा मोठा फरक सापडला, तर नळीतलं पाणी गेलं असं समजायचं.

एकूण काय, नुसत्या बोटानं निकाल लागत नाही, आणि नुसत्या स्क्रीनवरच्या आकड्यानंही बिघाड नेमका कुठं आहे ते कळत नाही. दोन्ही एकत्र धरले की लगेच उलगडतं. आत नव्वद आणि हीटसिंक थंड, तर सांधा बिघडला: पेस्ट, पाय, नाहीतर ती फिल्म. आत नव्वद आणि हीटसिंकही भाजणारा, तर उष्णता पात्यांपर्यंत आली पण हवा ती घेऊन जात नाहीये. मग बघायचा तो पंखा आणि धूळ.

धुळीबद्दल मी जरा जास्तच बोलेन, कारण धुळीवरून मला मशीनचं गाव ओळखता येतं. खानापूरकडची धूळ तांबडी, ओलसर, पात्यांच्या बुडाशी घट्ट बसलेली. अथणी-रायबागकडची काळी, हलकी, फुंकर मारली की दुकानभर. निपाणीहून आलेलं मशीन उघडलं की आधी वास येतो. तंबाखूच्या वखारीशेजारी चाललेल्या मशीनच्या पात्यांत तपकिरी भुकटीची नमदाच तयार झालेली असते, आणि ती साफ करताना मी शिंकून शिंकून बेजार होतो. साखर कारखान्याजवळचं असेल तर गळीत हंगामातली काजळी. वडगावातल्या मागाच्या घरातली मशीनं सगळ्यांत वाईट. तिथं धुळीत सुताचे तंतू असतात, ते पात्यांच्या तोंडावर जाळी विणून बसतात आणि बाहेरून बघितलं तर पंखा फिरताना दिसतो, वारा मात्र एक पैशाचा आत जात नाही.

साफ करायला रंगाचा जुना ब्रश आणि ब्लोअर पुरतो. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा; मोकळा सोडला तर तो भिंगरीसारखा फिरतो, त्याचं बेअरिंग जातं, शिवाय फिरताना स्वतःच वीज तयार करून बोर्डात ढकलतो. थंडीत आणि पावसात आत आणखी पाहुणे सापडतात. पाल तर ठरलेली. तिला पुस्तकातलं काही कळत नाही, पण घरातली सगळ्यांत ऊबदार कोरडी जागा कुठली हे तिला आपल्याआधी कळतं. कणकुंबी, जांबोटीच्या पट्ट्यात पावसाळ्यात महिनोन् महिने ऊन दिसत नाही, भिंतींना ओल येते. तिथल्या लोकांना मी सांगतो की मशीन रोज थोडा वेळ चालवा. बंद ठेवलेल्या मशीनला ओल खाते, आणि रोज तापणारं मशीन कोरडं राहतं.

हात लावण्याबद्दल एक सूचना मध्येच देऊन टाकतो, कारण ती उष्णतेपेक्षा महत्त्वाची आहे. जुन्या घरांत पिनेला अर्थिंग नसतं, किंवा तीन पिनांच्या सॉकेटला फक्त दोनच वायरी जोडलेल्या असतात. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, ते कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर त्या पत्र्यावर मेनच्या निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, येऊन बसतो. करंट अगदी थोडा, पण शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहून हात लावला की झिणझिण्या येतात. पुष्कळांना ती झिणझिण आणि चटका यांतला फरक कळत नाही. बोट लावायचंच असेल तर पायात चप्पल घाला आणि हाताची मागची बाजू लावा. शॉक बसला तर मूठ आवळते. मागच्या बाजूनं लावलेला हात निदान धातूपासून दूर जातो. मामा भट्टीजवळ हेच करायचे, त्यांचं कारण वेगळं होतं.

२०२० मध्ये घरोघरी ताप मोजायच्या गन आल्या आणि बोटाला पर्याय मिळाल्यासारखं लोकांना वाटलं. कपाळावर धरायची गन हीटसिंकवर धरून "बत्तीसच दाखवतंय" असं सांगणारे फोन मला आले. त्यांनी कामगारांसाठीची मोठी, लाल ठिपकेवाली गन आणली असती तरी उपयोग नव्हता. या गन वस्तूतून बाहेर पडणारी अदृश्य उष्ण किरणं मोजतात, आणि चकचकीत ॲल्युमिनियम अशी किरणं फार थोडी सोडतं. उलट आरशासारखं समोरच्या भिंतीची किरणं परतवतं. त्यामुळं गनच्या आकड्यात हीटसिंक कमी आणि दुकानाची भिंत जास्त असते. धातूवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून, ती तापू देऊन, मग टेपवर गन धरली तर बरा आकडा येतो. पण एवढं सगळं करायच्या ऐवजी प्रोसेसरच्या आतला सेन्सर वाचणारं फुकटातलं सॉफ्टवेअर टाकलं तर काम जास्त सोपं.

पेस्टबद्दल लोकांचे गैरसमज सांगू तेवढे थोडे. ती चांगली वाहक असते म्हणून लावतात, असं समजून जाड थर देणारे खूप. साधी पांढरी पेस्ट तांब्याच्या तुलनेत शेकडो पटींनी वाईट वाहक आहे. तिचं मोल एवढंच, की ती हवेपेक्षा बरी. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी बारीक खाचाखोचांनी भरलेले असतात. त्या खाचांतली हवा हाकलायला ती हवी. हवा गेली की तिचं काम संपलं, पुढं जेवढा थर जाड तेवढी वाट बिकट. पेस्टमधली पांढरी भुकटी बहुतेक वेळा झिंक ऑक्साइडची असते, नाहीतर ॲल्युमिनाची. ॲल्युमिना म्हटलं की आमच्याकडच्या जुन्या माणसांना यमनापूरचा कारखाना आठवतो. पाटी आता हिंडाल्कोची आहे, पण तोंडात 'इंडाल'च बसलंय. कोल्हापूरच्या डोंगरातल्या लाल बॉक्साइटच्या दगडापासून ती पांढरी पावडर होते. पात्यांचं ॲल्युमिनियम आणि पात्याखालच्या पेस्टमधली पावडर, दोघांचं मूळ एकाच तांबड्या मातीत. आणि तीच तांबडी माती पुन्हा धूळ होऊन पात्यांत जाऊन बसते, यावर मामा म्हणाले होते, "मग साफ कशाला करतोस, घरचीच हाय की."

सुरुवातीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. ४८६ या जुन्या प्रोसेसरच्या काळात बऱ्याच मशीनमध्ये प्रोसेसरवर काहीच नसायचं, उघडा बसलेला असायचा. १९९३ च्या पहिल्या पेंटियमनं १५-१६ वॅट ओढले तेव्हा लोकांना तेच जास्त वाटलं. नंतर सगळ्यांना वेगाची झिंग चढली. २००१ मध्ये एक व्हिडिओ फिरत होता, आमच्याकडं तो सीडीवरून आला: चालू मशीनमधून हीटसिंक उपटून काढायचा आणि काय होतं ते बघायचं. इंटेलची स्पर्धक एएमडी, तिचा त्या वेळचा ॲथलॉन प्रोसेसर काही सेकंदांत धूर काढून मेला, इंटेलचा पेंटियम ४ नुसता मंदावला आणि जिवंत राहिला. त्या व्हिडिओनं बेळगावात ॲथलॉन विकणाऱ्यांचा धंदा काही दिवस बसवला. पण इंटेललाही २००४ मध्ये प्रेस्कॉटची, म्हणजे पेंटियम ४ च्या नव्या पिढीची, आच सोसावी लागली. वरची मॉडेलं ११५ वॅटपर्यंत गेली, आणि चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत त्याच वर्षी सोडून द्यावा लागला. त्या काळातल्या मशीनचे हीटसिंक खरोखर भाजायचे. आणि मरायचं कोण? प्रोसेसर क्वचित. त्याच्याशेजारी उभे असलेले कपॅसिटर मरायचे, डोकं फुगवून, वर तपकिरी चिकट द्रव आणून. त्यांच्या आतला द्रव उष्णतेनं आटतो. दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं, असा त्यांचा ढोबळ हिशोब आहे. गिऱ्हाईक हीटसिंककडं बोट दाखवत असायचं आणि मी त्याच्या शेजारी बघत असायचो.

आजचे प्रोसेसर स्वतःची काळजी स्वतः घेतात. मर्यादा जवळ आली, बहुतेक इंटेलमध्ये ती शंभर अंशांच्या आसपास असते, की वेग उतरवतात. तरीही आटोक्यात आलं नाही तर मशीन बंद करतात. एएमडीनं २०२२ मध्ये रायझन प्रोसेसरची ७००० मालिका काढली तेव्हा तर सरळ सांगितलं की पूर्ण कामात ९५ अंशांपर्यंत जाणं हे आमच्या रचनेतच आहे. जागा शिल्लक आहे तोवर वेग वाढवत राहायचा, अशी त्यांची तऱ्हा. ते वाचून माझी थोडी पंचाईत झाली. पंचवीस वर्षं लोकांना "नव्वद म्हणजे बिघाड" असं शिकवलं, आणि आता कंपनीच म्हणते नव्वद म्हणजे नीट चाललंय.

यात आमच्या हवेचा हिशोब कुणी धरलेला नसतो. खोलीतलं तापमान जेवढं चढतं, साधारण तेवढंच आतलं चढतं. बेळगाव उंचावर आहे, साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणून जानेवारीच्या सकाळी इथं हुडहुडी भरते आणि दुकान उघडल्यावर मी हीटसिंकवर हात शेकलेही आहेत. एप्रिलमध्ये मात्र पत्र्याच्या छपराखाली छत्तीस-सदतीस होतं, अथणीकडं चाळिशी. तेच मशीन, तीच पेस्ट, तोच पंखा, आणि वीस अंशांचा फरक. वळवाचा पाऊस पडला की दुरुस्तीला येणारी मशीनं कमी होतात, हे मी कुठल्याही आलेखाशिवाय सांगू शकतो.

गेल्या उन्हाळ्यात वडगावचा एक पोरगा नवीन रायझन घेऊन आला. लग्नाचे व्हिडिओ जोडतो. आकडा ९५ ला चिकटलेला, पंखा किंचाळतोय, घरचे वैतागलेले. बिघाड काहीच नव्हता. पेस्ट नीट, पाय नीट, पात्यांत धुळीचा कण नाही. मी बायोसमध्ये जाऊन ६५ वॅटची मर्यादा घातली. पंखा शांत झाला, आकडा सत्तरीत आला, हीटसिंकवर हात ठेवता यायला लागला. व्हिडिओला थोडा जास्त वेळ लागायला लागला, तोही तो चहा पिऊन येईपर्यंत भरून निघणारा. पोरगं खूश होऊन गेलं. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडला तशी परत दुकानात. मला म्हणतो, "काका, आता गार पडलंय. ते काय लावलेलात ते काढा की, पूर्ण पैसे मोजलेत मी."

काढून दिलं. एप्रिलमध्ये परत येईल.